गच्चीवरचं कुलूप

लिफ्ट बंद होती. प्लास्टरवाले जिप्समचे तक्ते खांद्यावर घेऊन जिन्याने चढत होते आणि चढता चढता वायरमन लोकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. डेनीस कुबियाक बुटांवरचा बर्फ दारात आपटून आत आली, तेव्हा त्यांच्यातला एकजण जिन्याच्या पहिल्या वळणावर तक्ता टेकवून दम खात उभा होता. "गच्चीवर तुम्हा वायरमन लोकांपैकी कुणाचं तरी कुलूप राहिलंय म्हणे," तो म्हणाला. "तुझं तर नाही ना, बाई?" "माझं नाही," डेनीस म्हणाली, आणि तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर नुसतं बरं नाही, मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. कुलूप एमेट टियर्नीचं होतं. शुक्रवारी ते तिथं राहिलं ते तिच्या डोळ्यांदेखत. आता तो येईल, टोपी मागे सारून जिन्याकडे बघेल, एक सणसणीत शिवी हासडेल आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी कठडा धरत धरत नऊ मजले चढेल. चढू दे. एकदा चढू दे म्हाताऱ्याला. तो चढत असताना आपण खालीच थांबायचं, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, नुसतं वायरचं भेंडोळं सोडवत बसायचं, असं तिनं ठरवूनसुद्धा टाकलं.

फोरमन साल बोनफिल्योनं तिला अंगणातल्या पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. साल एरवी दार कधी लावत नसे. आत हीटर असला तरी त्याला माणसांवर ओरडायला दार उघडं लागे. "एमेट वारला," तो म्हणाला. "काल दुपारी. घरीच. हार्ट." डेनीस म्हणाली, "मग त्यांचं कुलूप?" हे आपण बोललो, हे तिला तोंडातून निघाल्यावर कळलं. माणूस गेल्याचं कानावर पडतं आणि आपल्याला कुलूप आठवतं! पण सालला त्यात वावगं वाटलं नाही. उलट त्यानं मान डोलावली. "तेच तर," तो म्हणाला. "त्यासाठीच तुला बोलावलं."

कुलपाचं शास्त्र धंद्यातल्या सगळ्यांच्या हाडीमांसी खिळलेलं असतं. ज्या तारांना हात लावायचा त्यांचा स्विच आधी बंद करायचा आणि त्यावर आपलं कुलूप घालायचं. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं, सहा असतील तर सहा. लाल कुलूप, त्याला पट्टी, पट्टीवर नाव आणि फोटो. चावी एकच, ती आपल्या खिशात. काम संपलं की ज्याचं त्यानं काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला बाप आला तरी हात लावायचा नाही, कारण तो स्विच कुणी चालू केला तर पलीकडच्या टोकाला ज्याचे हात तारांत असतील त्याचं काय होईल हे सांगायची गरज नसते. युनियनच्या उमेदवारीत पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. संध्याकाळच्या वर्गात बोर्डावर लिहून शिकवतात आणि युनियनच्या हॉलमधला प्रत्येक जुना वायरमन परत तोंडी सांगतो. प्रत्येकाकडे एक गोष्ट असते, गोष्टीत एक मेलेला माणूस असतो, आणि त्या माणसाचं नाव कुणी विसरलेलं नसतं. डेनीसला ही नावं येशूच्या शिष्यांच्या नावांपेक्षा जास्त पाठ होती.

"कापावं लागेल," साल म्हणाला. "पण त्याआधी कुलपाच्या मालकाला फोन करावा लागतो. नियमच आहे. तो इमारतीत नाही याची खात्री करायची, त्याला फोन लावायचा, मग कापायचं." "तो इमारतीत नाहीच आहे, साल." "मला माहीत आहे गं." सालनं तोंडावरून हात फिरवला. त्याची दाढी वाढली होती. "पण मी फोन न करता कापलं आणि उद्या कुणी विचारलं, तर? आणि एमेटनंच विचारलं असतं आधी. त्याच्या बायकोला, पेगला, तू ओळखतेस. तू कर." त्यानं फोन तिच्याकडे सरकवला. बाहेर प्लास्टरवाला कुणाला तरी ओरडून सांगत होता, की ह्या हॉटेलात पूर्वी हमाल असायचे, आता आपणच हमाल झालो. डेनीसनं फोनकडे पाहिलं. तो नंबर तिला तोंडपाठ होता. उमेदवारीच्या पहिल्या वर्षात आजारपणाचं काहीही कारण सांगायचं तर आधी एमेटला सांगावं लागे, आणि एमेटला कुठलंही कारण पटत नसे.

एकदा एमेटचाही तिला फोन आला होता. चार वर्षं झाली असतील. तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून नुकतीच आली होती. चौतिसाव्या वर्षी पंचविशीतल्या पोरांबरोबर वर्गात बसायची आणि दिवसभर एमेटच्या मागे शिडी वाहायची. त्या दिवशी तिच्या मुलाच्या, डेरेकच्या, शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता. डेरेक तेव्हा लहान होता आणि त्याला एका गाण्यात एकट्यानं दोन ओळी म्हणायच्या होत्या. ती धावत घरी आली, अंग धुतलं, निळा ड्रेस चढवला, आणि फोन वाजला. "बाईसाहेब," एमेट म्हणाला, "तुमचं कुलूप लटकतंय इथं." ती म्हणाली, काम झालेलं आहे, मी तपासलंय, तुम्ही कापून काढा ना, फोरमनकडे कटर असेल. एमेटनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आम्ही सहाजण थांबलोय. बस पकड." तिनं रडून पाहिलं. डेरेकचं सांगितलं. "मग लवकर निघ," तो म्हणाला. दोन बस बदलून, निळ्या ड्रेसवर कोट घालून ती गेली. सहाजण पालथ्या बादल्यांवर बसले होते, कुणी एक शब्द बोललं नाही, कुणी हसलंही नाही, आणि तेच जास्त लागलं. तिनं कुलूप काढलं. परत येईपर्यंत शाळेतल्या खुर्च्या घड्या होऊन भिंतीला लागल्या होत्या. डेरेक आजीच्या मांडीवर झोपला होता. त्या दोन ओळी कोणत्या हे तिनं त्याला कधी विचारलं नाही, आणि नंतर तो विसरून गेला.

तेव्हापासून ती कुलूप विसरली नाही, हे खरं. पण तेव्हापासून तिनं एमेटला माफही केलं नाही, हेही तितकंच खरं. ती त्याच्याकडून सगळं शिकली. पाइप कसा वाकवायचा, छतात हात घातल्यावर न बघता तार कशी ओळखायची, तार बंद आहे म्हणून कुणी शपथ घेतली तरी टेस्टर लावल्याशिवाय कसा विश्वास ठेवायचा नाही, आणि तो टेस्टर आधी चालू तारेवर तपासून कसा घ्यायचा. त्यानं कपाळावर आठ्या घालून शिकवलं, तिनं आठ्या घालून शिकून घेतलं. येत्या वसंतात तिची शेवटची परीक्षा होती, मग पक्क्या वायरमनचं कार्ड, मग ती कुणाची उमेदवार नसणार. तिच्या बाजूनं हॉलमध्ये शब्द टाकणारा एमेटच होता हेही तिला दुसऱ्यांकडून कळलं होतं. तरीपण आत कुठेतरी तो निळा ड्रेस घडी करून ठेवलेला होताच. माणसाचं मन मोठं विचित्र. उपकार विसरतं, पण एका संध्याकाळचा हिशोब राखून ठेवतं.

आणि मग शुक्रवार आला. ह्या जुन्या हॉटेलाच्या तळघरात पाणी साचतं म्हणून नव्या मालकानं विजेची खोली गच्चीवर नेली होती, पण लिफ्टची मोटर तळघरातच राहिली होती. वरच्या स्विचपासून खालच्या मोटरपर्यंत नवी तार ओढायचं काम दोघांचं होतं. स्विचवर दोघांची कुलपं शेजारी शेजारी. ती चौथ्या मजल्यावरच्या पेटीतले जोड करत होती आणि एमेट तळघरात मोटरकडचं टोक जोडत होता. सुटी व्हायच्या वेळेला ती अवजारं ठेवायला खाली आली, तेव्हा तो तळघराच्या पायऱ्या चढून आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. रंग उतरलेला होता. डावा हात कोटाच्या खिशात. त्यानं उजव्या हातानं चावी तिच्यासमोर धरली. "पोरी, तू वर जातेयस ना तुझं काढायला? माझंही काढ. गुडघ्यांनी आज संप पुकारलाय." ती वर जाणारच होती. तिला फक्त हात पुढे करायचा होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ती म्हणाली, "नाही."

"नाही?" "ज्याचं त्यानं काढायचं. तुम्हीच शिकवलंत. बस पकडा, म्हातारबा." हे शेवटचं वाक्य नसतं म्हटलं तरी चाललं असतं. आज सकाळपर्यंत तिला ते वाक्य गोड वाटत होतं, आता टोचत होतं. 'नाही' एवढंच म्हटलं असतं तर तो नियम झाला असता. 'बस पकडा' म्हटल्यावर तो नियम राहिला नाही, तो निळा ड्रेस झाला. एमेटनं तिच्याकडे पाहिलं. चिडला का, हसला का, तिला कळलं नाही. मग त्यानं चावी खिशात टाकली. "सोमवारी बघू," म्हणाला आणि टोपी घालून निघाला. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेला मासा असे, त्याला पेगबरोबर तिथं जायचं होतं. ती वर गेली, आपलं कुलूप काढलं. त्याचं तिथंच राहिलं. फोटोत तो दहा वर्षांनी तरुण होता आणि फोटोतही त्याला कुणाचं कारण पटलेलं दिसत नव्हतं.

फोन पेगनंच उचलला. पाठीमागे भांड्यांचा आणि बायकांचा आवाज होता. शेजारणी जेवण घेऊन आल्या असणार. "मिसेस टियर्नी, मी डेनीस." "पेग म्हण गं." आवाज रडून रडून कोरडा पडलेला होता. "सालनं सांगितलं ना तुला? खुर्चीतच गेला बघ. मी कॉफी विचारायला गेले तर..." डेनीसनं तिला बोलू दिलं. मग जे म्हणायला फोन केला ते म्हणायची वेळ आली, आणि ते इतकं वेडगळ होतं की तिला वाटलं फोन ठेवून द्यावा. "पेग, इथं त्यांचं कुलूप राहिलंय. कापण्याआधी घरी विचारावं लागतं. नियम आहे. म्हणून..."  मग पेग हसली. हसणंच होतं ते, जरी लगेच त्याचं दुसरंच काही झालं. "अगं, ते कुलूप! शुक्रवारी सगळी संध्याकाळ मी तेच तर ऐकलं. घरी आला तोच तुला शिव्या देत. खेचर म्हणाला तुला. पोलिश खेचर. माशाचा सबंध तुकडा खाल्ला, माझ्यातला अर्धा खाल्ला आणि शिव्या देत राहिला. मग गाडीत बसल्यावर म्हणतो, 'पेग, तिनं मला नाही म्हटलं. माझ्या तोंडावर. आता तिला एकटी सोडायला हरकत नाही.'"

 सालनं हीटरकडे बघत राहून आपण ऐकत नाही असं दाखवलं. "चावी इथंच आहे, त्याच्या कोटात," पेग म्हणाली. "कुणाला तरी पाठवू का घेऊन?" "नको," डेनीस म्हणाली. "आम्ही कापतो. तुम्ही बसा." तिला म्हणायचं होतं की पेग, तो चुकला, मी नियमासाठी नाही म्हटलं नव्हतं, मी सूड उगवला होता. पण हे कुणाला सांगायचं? ज्याला सांगायचं तो आपल्या समजुतीवर खूष होऊन गेला. मेलेल्या माणसाच्या बायकोकडून त्याची शेवटची चांगली गोष्ट काढून घ्यायची, तीसुद्धा आपलं मन हलकं करायला? तिनं फोन ठेवला. तिला एकाएकी इतका थकवा आला की सालच्या मोडक्या खुर्चीत बसून राहावं, प्लास्टरवाल्यांना वाहू दे तक्ते वसंत येईपर्यंत, असं वाटलं.

सालनं कटर पुढे केला. "मी जाऊ का?" "मी जाते," ती म्हणाली. जिना चढताना तिला कळलं की एमेट शुक्रवारी सकाळी हे नऊ मजले कसा चढला असेल. चौथ्या मजल्यावर तिच्या पेटीपाशी पालथी बादली पडलेली होती. त्या बादलीवर तो सकाळी बसला होता, डाव्या हाताची बोटं उघडमीट करत. "झोपेत अंगाखाली आला," म्हणाला होता. तिनं ते ऐकलं होतं आणि ऐकून सोडून दिलं होतं. सहाव्यावर तिला दम लागला. खिडकीच्या जागी प्लास्टिक ठोकलेलं होतं, शहरालगतच्या सरोवरावरून येणारा वारा ते फुगवत होता आणि सोडत होता. तिला शाळेचं स्वयंपाकघर आठवलं. तिथं सगळं एका मजल्यावर होतं, उबदार होतं, आणि चूक झाली तर बटाटे करपत, माणूस मरत नसे. तिथून आपण का निघालो? पगारासाठी, डेरेकसाठी, हे बरोबर. पण पहिल्यांदा एका अंधाऱ्या वर्गखोलीत तिनं जोडलेले दिवे लागले होते, तेव्हा एमेट शेजारी उभा होता आणि तो काही म्हणाला नव्हता, फक्त एक दिवा बंद करून परत लावला होता. त्या वेळचं सुख तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ते आठवून तिला रडू आलं, आणि रडायला सहावा मजला सोयीचा होता, कारण प्लास्टरवाले पाचव्यापर्यंतच जात होते.

गच्चीवरच्या खोलीत थंडी होती. लाल कुलूप, पट्टी, फोटो. तिनं कटरची पाती कुलपाच्या कडीला लावली आणि थांबली. हाताच्या सवयीनंच ती थांबली, डोकं मागून आलं. पाळी बदलताना, एक माणूस घरी जाणार आणि दुसरा त्याचं काम पुढे नेणार, तेव्हा आधी येणाऱ्याचं कुलूप लागतं, मग जाणाऱ्याचं निघतं. मधे स्विच एक क्षणही मोकळा राहत नाही. "आधी तुझं लाव, मग मी माझं काढतो," असं एमेट म्हणायचा, आणि ती लावेपर्यंत चावी बाहेरसुद्धा काढायचा नाही. तिनं कमरेच्या पट्ट्यावरचं आपलं कुलूप सोडवलं आणि त्याच्या कुलपाशेजारी घातलं. ओढून पाहिलं. मग त्याचं कापलं. कडी जाड होती. दोन्ही हातांनी, पोटाशी कटर धरून, सगळा भार टाकून कापावं लागलं. तुटताना आवाज अगदीच लहान झाला. कुलूप फोटोसकट तिनं कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

खाली साल वाट बघत होता. "झालं? मग लाव लिफ्ट." "माझं कुलूप आहे तिथं," डेनीस म्हणाली. "तळघरातलं टोक बघते आधी." "ते एमेटनं केलंय." "माझं मी तपासलंय. त्यांचं त्यांनीच तपासलेलं, दुसऱ्या कुणी नाही." सालनं तळघराच्या दाराकडे हात केला. तळघरात पाण्याचा आणि जुन्या तेलाचा वास होता. तिनं टेस्टर आधी दिव्याच्या चालू तारेवर लावून पाहिला, मग मोटरच्या पेटीचं झाकण उघडून तिथं लावला. तार बंद. आत काम इतकं नीट होतं की बघत राहावं. तारा एका वळणात वाकवलेल्या, एकही दुसरीवर चढलेली नाही. तिनं पहिल्या स्क्रूला पाना लावला. दगडासारखा. दुसरा, दगडासारखा. तिसरा फिरला. जोर न लावता, सहज, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा फिरला. तिनं हात काढून घेतला. तिसरा म्हणजे शेवटचा. पहिले दोन आवळेपर्यंत त्याच्या हातात जोर होता, आणि तिसऱ्याला तो गेला. त्याला ते कळलंही नसणार, बोटांनी आवळलं असंच वाटलं असणार. मग झाकण लावून तो पायऱ्या चढून वर आला आणि भिंतीला टेकून चावी पुढे करून उभा राहिला.

तिनं ती चावी घेतली असती तर. वर जाऊन दोन्ही कुलपं काढली असती, स्विच ओढला असता, सोमवारी माणसांनी भरलेली लिफ्ट ह्या एका ढिल्या स्क्रूवर चढली-उतरली असती. तार तापत गेली असती, दुपारपर्यंत की महिन्यानं, कोण सांगणार. आणि हॉलमधल्या गोष्टींत एक गोष्ट वाढली असती आणि तिच्यात नाव एमेट टियर्नीचं असतं. हे सगळं तिच्या 'नाही'नं टळलं होतं, त्या कोत्या, कुजक्या, निळ्या ड्रेसमधल्या 'नाही'नं. ह्याचं समाधान वाटून घ्यावं की लाज, हे तिला उकलेना, आणि उकलायची ताकदही नव्हती. तिनं तिसरा स्क्रू आवळला. पाना कुरकुरेपर्यंत आवळला, मग तिन्ही परत एकदा पाहिले, झाकण लावलं, आणि पाठ भिंतीला टेकून थोडा वेळ तशीच बसून राहिली. हॉलमध्ये आता युनियनच्या सनदेवर शोकाचं काळं फडकं चढवतील. पुढच्या सभेत सगळे उभे राहतील, कुणी तरी 'ब्रदर टियर्नी' म्हणेल आणि अध्यक्षाची हातोडी एकदा आपटेल. तिला तेव्हा उभं राहावं लागेल आणि गप्प राहावं लागेल, आणि ते तिला जमेल.

वर आल्यावर सालनं विचारलं, "ठीक आहे सगळं?" "हो," डेनीस म्हणाली. "एमेटचं काम आहे." सालनं सुस्कारा सोडला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे, तिचे गुडघे, कोटावर लागलेली तळघराची ओल. "पार गळून गेलीस की गं," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "दे ती चावी. नव्या पोराला, रिकला, पाठवतो वर, त्याचे पाय तरुण आहेत. तू बस, कॉफी घे." साल हे मनापासून म्हणाला. फोरमननं, अशा दिवशी, नियम मोडायला तयार होणं म्हणजे मोठीच माया होती. डेनीसनं कोटाच्या खिशात हात घातला. आत दोन वस्तू होत्या. कापलेलं कुलूप आणि तिची चावी. दोन्ही गार होत्या.

"नाही," ती म्हणाली. ह्या वेळी त्यात कुठलाही ड्रेस नव्हता, कुणावर राग नव्हता. नुसता थकवा होता आणि नऊ मजले होते. "ज्याचं त्यानंच काढायचं, साल." मग ती कठड्याला हात लावून जिन्याकडे वळली. पहिल्या वळणावर तो प्लास्टरवाला परत तक्ता टेकवून उभा होता. त्यानं तिला वाट दिली आणि विचारलं, "काय गं बाई, सापडला का त्या कुलपाचा धनी?"

"मीच आहे," डेनीस म्हणाली, आणि चढू लागली.